किल्ली देण्याआधी



पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की वाटेत नीरा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा. पलीकडे सातारा जिल्हा. पूल ओलांडला की आलेच शिरवळ.

पूर्वी शिरवळला परगावचा माणूस मुक्कामाला आला, तर तो कोणाचा तरी पाहुणा असायचा. आता तसे राहिले नाही. गावाच्या आसपास कारखाने उभे राहिले. १९८८ साली इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव त्याला दिलेले आहे. कामगार येतात. विद्यार्थी येतात. कोणी मराठवाड्यातून येतो, तर कोणी बिहारमधून. या सगळ्यांना डोक्यावर छप्पर हवे असते.

मग गावकऱ्यांनी काय केले? कोणी परसात दोन खोल्या काढल्या. कोणी घरावर मजला चढवला. खोल्या भाड्याने दिल्या. महिन्याच्या महिन्याला चार पैसे हातात येऊ लागले. यात वाईट काहीच नाही. शेतीला पाऊस दगा देतो. भाडे तसा दगा देत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कालपर्यंत आपण शेतकरी होतो. आज आपण घरमालकही झालो. शेतकऱ्याला आपले काम बापाने शिकवले. घरमालकाचे काम कोणी शिकवले? कोणीच नाही. म्हणून आम्ही हा पाठ लिहिला आहे. घरमालकाची कामे पुष्कळ आहेत. त्यातले एकच आम्ही इथे घेतले आहे. ते म्हणजे खोलीतला गॅस.

तात्या आणि काकू

समजा, तात्या म्हणून एक गृहस्थ आहेत. असे तात्या आपल्या प्रत्येक आळीत भेटतील. त्यांनी गोठा मागे सरकवला आणि रस्त्याच्या बाजूला चार खोल्या काढल्या. पहिल्याच महिन्यात एका खोलीला चार पोरे आली. कारखान्यात कामाला होती.

पोरे म्हणाली, "तात्या, स्वयंपाक आम्हीच करणार. गॅसची काय सोय?"

तात्या म्हणाले, "आमची एक टाकी जादा पडून हाय. जुनी शेगडी बी हाय. घ्या, वापरा. भाड्यात शंभर रुपये वाढवून द्या म्हंजे झालं."

तात्यांनी किल्ली काढली. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. काकू रोज रात्री साक्षरता वर्गाला जातात.

काकू म्हणाल्या, "अहो, जरा थांबा. ती टाकी कधीची, ती नळी कधीची, कुणी बघितलंय का? आधी एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा. मग किल्ली द्या."

"अगं, इतकी वर्षं आपण वापरतोयच की. काय झालं?"

"आपण वापरतो ते आपल्याला ठाऊक. या पोरांना काय ठाऊक? आणि भिंत एकच हाय. पलीकडं काही झालं, तर अलीकडं आपली नात झोपते."

तात्या गप्प झाले. किल्ली परत खिशात गेली. पोरांना त्यांनी एक दिवस थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा मेकॅनिक आला.

गॅस कसा वागतो?

मेकॅनिक म्हणाला, "तात्या, आधी गॅसचा स्वभाव समजून घ्या. माणसाचा स्वभाव कळला की त्याच्याशी नीट वागता येतं. गॅसचं बी तसंच."

टाकीत गॅस पातळ रूपात भरलेला असतो. घरगुती मोठ्या टाकीत तो १४.२ किलो असतो. बाहेर पडला की तो एकदम पसरतो. एक लिटर पातळ गॅसचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. म्हणून लहानशी गळतीसुद्धा लहान राहत नाही.

दुसरी गोष्ट. हा वायू हवेपेक्षा जड असतो. चुलीचा धूर वर जातो. गॅस वर जात नाही. तो पाण्यासारखा खाली जमिनीवर पसरतो. कोपऱ्यात साचतो. खाटेखाली साचतो. हवेच्या शंभर भागांत दोन भाग जरी गॅस मिसळला, तरी एका ठिणगीने पेट घेतो.

तिसरी गोष्ट. गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो उग्र वास कारखान्यात मुद्दाम मिसळलेला असतो. कशासाठी? गॅस सुटला तर आपल्याला कळावे म्हणून. तो वास म्हणजे गॅसने मारलेली हाक आहे. ती ऐकायची असते. उदबत्ती लावून ती दाबायची नसते.

२०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत कुर्ल्याला एका हॉटेलात गॅस गळून आग लागली. जेवायला आलेली आठ माणसे त्यात गेली. त्यांत बहुतेक शिकणारी तरुण पोरे होती. त्यांनी टाकी जोडली नव्हती. नळीही त्यांनी बसवली नव्हती. ती दुसऱ्याच्या छपराखाली विश्वासाने बसली होती. आपला भाडेकरूसुद्धा तसाच विश्वासाने आपल्या छपराखाली झोपतो.

खोलीला नाक हवे

मेकॅनिकने खोली पाहिली. दार एक. खिडकी एक, तीही वर. थंडी येते म्हणून तिला पत्रा ठोकलेला. तो म्हणाला, "तात्या, ही खोली श्वास कुठून घेणार?"

माणसाला नाक लागते, तसे खोलीलाही लागते. गॅस खाली बसतो, म्हणून हवेची एक जाळी खाली, जमिनीलगत हवी. तिचे तोंड बाहेर मोकळ्या जागेत उघडले पाहिजे. दुसरी जाळी किंवा खिडकी वर हवी. म्हणजे गरम हवा आणि वाफ वरून जाते. या जाळ्या कधी बुजवू नयेत. उंदीर येतात म्हणून बोळा कोंबू नये. बारीक तारेची जाळी लावावी. उंदीर येणार नाही, हवा येईल.

टाकी नेहमी उभी ठेवावी. आडवी कधी ठेवू नये. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर असावी. टाकी बंद कपाटात किंवा खड्ड्यात ठेवू नये. विजेचे बटण आणि फ्रीज टाकीपासून दूर असावेत. त्यांतून बारीक ठिणगी उडते.

एका खोलीच्या घरात आणखी एक चूक होते. टाकी दाराशीच ठेवली जाते. मग तिथे पेट घेतला तर माणसे बाहेर कशी येणार? टाकी एका बाजूला, बाहेर पडायची वाट दुसऱ्या बाजूला, असे पाहिजे. चार खोल्यांच्या टाक्या जिन्याखाली रचून ठेवणे तर फार धोक्याचे. आग लागली की जिनाच बंद होतो.

टाकीवरचे अक्षर

शिरवळपासून नायगाव लांब नाही. दोन्ही गावे खंडाळा तालुक्यातच आहेत. त्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. बायाबापड्यांना अक्षर कळावे म्हणून त्या झटल्या. अक्षर कळले की माणूस फक्त पोथी वाचतो असे नाही. तो आपला जीवही वाचवतो. कसा, ते पाहा.

टाकीच्या वरच्या बाजूला धरायची गोल कडी असते. त्या कडीला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. एका पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा लिहिलेला असतो. अक्षरे चारच आहेत. ए, बी, सी आणि डी. घरातल्या शाळेच्या पोराकडून ती पाटीवर काढून घ्या आणि ओळखून ठेवा.

ए म्हणजे मार्च अखेर.
बी म्हणजे जून अखेर.
सी म्हणजे सप्टेंबर अखेर.
डी म्हणजे डिसेंबर अखेर.

पुढचा आकडा सालाचा असतो. बी आणि २९ असे लिहिले असेल, तर २०२९ सालच्या जून अखेरपर्यंत त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. ती तारीख उलटलेली टाकी घरात घेऊ नका. एजन्सीच्या माणसाला परत द्या.

आता नळी. जुन्या हिरव्या रबरी नळ्या उंदीर कुरतडतात. त्या कडक होतात, तडकतात. आता नारिंगी रंगाची नळी मिळते. तिच्या आत तारेची जाळी असते. तिला सुरक्षा नळी म्हणतात. तिच्यावर आयएस ९५७३ असा शिक्का असतो. ही नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. दोन नळ्या जोडून एक करू नये. भिंतीच्या भोकातून किंवा दारातून ओढून नेऊ नये.

काकूंनी जुन्या टाकीची पट्टी पुसली आणि अक्षर वाचले. तारीख उलटून गेली होती. मेकॅनिकने नळी वाकवली. वाकवताच तिला भेग दिसली. त्याने साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले.

तात्या म्हणाले, "आरं तिच्या! आणि मी काल हीच टाकी पोरांना देत होतो!"

गळती अशीच पाहायची असते, साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून कधी पाहायची नाही.

टाकी कोणाच्या नावावर?

तात्यांनी विचारले, "बरं, नवी नळी बसवली आणि चांगली टाकी दिली, तर चालंल न्हवं?"

मेकॅनिक म्हणाला, "न्हाई तात्या. कनेक्शन तुमच्या नावावर. तुमच्या घरच्या स्वयंपाकाला. ते दुसऱ्याला भाड्यानं देता येत न्हाई."

गॅसच्या पुरवठ्यासाठी सरकारने २००० साली एक आदेश काढला आहे. घरगुती गॅस घरच्या स्वयंपाकासाठीच वापरायचा. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस भरायचा नाही. बाजारात कुठे कुठे लहान टाक्या चोरून भरून देतात. ते बेकायदा आहे आणि जीवघेणे आहे. अशी टाकी आपल्या खोलीत दिसली, तर घरमालकाने डोळेझाक करू नये.

मग परगावच्या पोरांनी काय करावे? त्यांच्यासाठी पाच किलोची लहान टाकी आहे. ती एजन्सीकडे मिळते. तिला राहत्या पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. गाव सोडून कामाला येणाऱ्यांसाठी ही चांगली सोय आहे. कुटुंब घेऊन कायम राहणाऱ्याने मात्र स्वतःच्या नावावर नवे कनेक्शन घ्यावे.

नाव आणि पत्ता इतके महत्त्वाचे का? गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. पण घराच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच्या जागेसाठी असते. टाकी एकाच्या नावावर, वापर दुसऱ्याच्या खोलीत, असे असले की भरपाईच्या वेळी अडचण उभी राहते. शंभर रुपयांच्या लोभाने लाखाचा आधार घालवू नये.

न दिसणारे विष

गॅसचा धोका फक्त आगीचा नसतो. दुसरा एक धोका आहे. त्याला वास नाही, रंग नाही आणि आवाजही नाही.

कुठलाही जाळ हवा खातो. हवा पुरली नाही की जाळ अर्धवट होतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. तो श्वासातून रक्तात जातो आणि रक्ताला प्राणवायू घेऊ देत नाही. आधी डोके दुखते. मळमळते. मग हातपाय गळतात. माणसाला उठावेसे वाटते, पण उठता येत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

हे कुठे घडते? बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावला की घडते. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवली की घडते. गॅस गिझरने आंघोळीच्या वेळी माणसे मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात.

म्हणून घरमालकाने न्हाणीघराच्या आत गॅस गिझर कधीही बसवू नये. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. तशी जागा नसेल, तर गॅस गिझर नकोच. आणि भाडेकरूला आधीच सांगावे, "थंडी वाजली तर आमच्याकडून घोंगडी न्या. पण कोळसा पेटवून दार लावू नका."

कायदा काय म्हणतो?

तात्या म्हणाले, "पण मी म्हणतो, गॅस त्यांचा, स्वयंपाक त्यांचा. मग माझी जबाबदारी कशी?"

हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर नीट वाचा.

इंग्लंडात यासाठी १९९८ सालचे नियम आहेत. तिथे घरमालकाने आपल्या भाड्याच्या घरातली गॅसची शेगडी, बंब आणि नळ्या दर वर्षी तपासून घ्याव्या लागतात. नोंदणी असलेला मेकॅनिकच ती तपासणी करतो. तपासणीचा कागद नव्या भाडेकरूला घरात येण्याआधी द्यावा लागतो. आपल्याकडे घरमालकाला असा वर्षाचा दाखला काढावा लागत नाही. म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही. पण विचारत नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे नव्हे.

आपल्या देशात १८८२ सालचे दोन जुने कायदे आजही चालू आहेत. एक मालमत्ता हस्तांतरणाचा. दुसरा सुविधाधिकाराचा. आपण भाडेपट्ट्याने घर दिले, तर पहिला लागतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला, तर दुसरा लागतो. दोन्ही कायदे या बाबतीत जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. जागेत काही दोष आहे. तो मालकाला ठाऊक आहे, पण राहणाऱ्याला ठाऊक नाही आणि सहज दिसणाराही नाही. असा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे. ओट्याखालची नळी तडकली आहे, न्हाणीघरात हवा खेळत नाही, हे आपल्याला ठाऊक असून आपण गप्प बसलो, तर ती लबाडी झाली.

१९९९ साली महाराष्ट्राने भाडे नियंत्रण कायदा केला. तो ज्या गावांना आणि शहरांना लागू आहे, तिथे घर राहण्याजोगे ठेवणे आणि त्याची दुरुस्ती करणे हे मालकाचे काम आहे. मालकाने ते टाळले, तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊ शकतो. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. याच कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती टाळली तर शिक्षा आहे. शिवाय करार नोंदलेला नसला आणि तंटा झाला, तर काय ठरले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोटे असेल, तर ते खोडून काढायचे काम मालकाच्या गळ्यात पडते.

आणि अपघात झाला तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. आग किंवा पेट घेणारी वस्तू निष्काळजीपणाने हाताळली आणि त्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणाने माणूस दगावला, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चूक कोणाची, हे न्यायालय पुरावा पाहून ठरवते. चूक भाडेकरूची असली तर ती त्याची. पण तडकलेली नळी मालकाने दिली असेल, तर बोट मालकाकडेच येणार.

तात्या हळूच म्हणाले, "म्हंजे भाडं माझं, तर काळजी बी माझी."

काकू म्हणाल्या, "हेच तर मी काल सांगत होते."

कागदावर काय लिहावे?

बोलणे हवेत जाते. कागद राहतो. म्हणून करार करताना त्यात गॅसबद्दलही लिहावे. आम्ही खाली साधा मजकूर देत आहोत. आपल्या खोलीप्रमाणे तो बदलून घ्यावा.

"खोलीत हवेसाठी खाली एक व वर एक जाळी आहे. ती भाडेकरूने बुजवू नये.

"मालकाने शेगडी दिलेली आहे. ती मेकॅनिककडून तपासून दिलेली आहे. तपासणीची तारीख अमुक.

"नळी अमुक साली नवी बसवली आहे. ती पाच वर्षांनी मालक बदलून देईल.

"भाडेकरू स्वतःच्या नावावरचा गॅस वापरेल. चोरून भरलेली टाकी आणणार नाही.

"गॅसचा वास आल्यास भाडेकरू मालकाला लगेच कळवेल. मालक त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवेल."

हा मजकूर दोघांनी वाचावा. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावा. परप्रांतातल्या पोरांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. मग दोघांनी सही करावी. एक प्रत मालकाकडे, एक प्रत भाडेकरूकडे ठेवावी. कराराची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी आता संगणकावरूनही करता येते.

भाड्याची पावती दर महिन्याला द्यावी. भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि त्याची माहिती शिरवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. हा संशय नव्हे. उद्या खोलीत काही बरेवाईट झाले, तर त्याच्या घरच्यांना कळवायचे कोणाला ठाऊक असेल? ती माहिती कागदावरच असते.

वास आला तर

हे पान फाटले तरी चालेल. हे बोल मात्र पाठ करा आणि भाडेकरूकडून पाठ करून घ्या.

१. काडी ओढू नका. विडी पेटवू नका. देवापुढे दिवा असेल तर शांतपणे विझवा.

२. विजेचे कुठलेही बटण दाबू नका. चालू करू नका, बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी उडते.

३. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करा. रेग्युलेटर काढून टाकीवर टोपण बसवा.

४. दारे-खिडक्या उघडा.

५. सगळ्यांना घेऊन बाहेर या. शेजारच्या खोल्यांनाही हाक मारा.

६. बाहेर, लांब आल्यावरच मोबाइल लावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आग लागली तर ११२ किंवा १०१ लावा. माणूस भाजला तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते. भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका.

हे क्रमांक खोलीच्या दाराजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. रंगाचा डबा आणायची गरज नाही. कोळशाने लिहिले तरी चालेल.

आणि रोजची एक सवय. रात्री झोपण्याआधी फक्त शेगडी बंद करून भागत नाही. रेग्युलेटरही बंद करावा. ज्या खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोप, तिथे तर हे विसरूच नये.

तात्यांनी काय केले?

तात्यांनी गवंड्याला बोलावले. चारही खोल्यांना जमिनीलगत जाळ्या पाडल्या. खिडकीचा पत्रा काढला. जुनी टाकी एजन्सीला परत केली. भेगेची नळी तोडून टाकली, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरू नये. शेगडी दुरुस्त करून घेतली आणि नवी नारिंगी नळी बसवली. पोरांना घेऊन ते एजन्सीत गेले आणि पाच किलोची टाकी त्यांच्या ओळखपत्रावर मिळवून दिली. खर्च झाला. पहिल्या महिन्याचे भाडे त्यातच गेले.

दाराजवळच्या भिंतीवर काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिले, "गॅसगळती १९०६". अक्षर थोडे वाकडे आले. पण ते लांबून वाचता येत होते.

मग तात्यांनी चारही पोरांना खोलीत उभे केले. खालची जाळी दाखवली. रेग्युलेटर बंद करून दाखवला. प्रत्येकाला एकदा करायला लावला. एक पोरगा हसला. तात्या म्हणाले, "हसू नको बाळा. तुझी आई लांब हाय. तिनं तुला माझ्या भरवशावर पाठवलंय."

पोरगा गंभीर झाला. त्याने पुन्हा एकदा रेग्युलेटर फिरवून पाहिला.

आणि मग तात्यांनी किल्ली दिली.

विचार करा आणि सांगा

१. गॅसची जाळी खाली का हवी?

२. आपल्या घरातल्या टाकीवर कोणते अक्षर आणि कोणता आकडा आहे? आज जाऊन वाचा आणि उद्या वर्गात सांगा.

३. आपल्या नळीला किती वर्षे झाली?

४. खोलीतला कोणता दोष मालकाने भाडेकरूला सांगितलाच पाहिजे?

५. वास आला तर मोबाइल कुठे उभे राहून लावावा?

६. आपल्या आळीत कोणाच्या न्हाणीघराच्या आत गॅसचा गिझर आहे का? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.